बाटली खाली आहे ना?

झाशी
९ फेब्रुवारी २०२५

चि. इरा,

तू फोन उचलत नाहीस. मेसेज पाठवला की दोन निळ्या रेघा उमटतात आणि पुढे सामसूम. म्हणून हे पत्र. टपालघरातल्या मुलीने पाकीट उलटसुलट करून विचारलं, "अंकल, चिट्ठी है? सिर्फ चिट्ठी?" जसा काही मी त्यात विंचू घालून आणला होता. असो. पत्र उचलावं लागत नाही, उघडावं लागतं. तेवढं तू करशील असं धरून लिहितो.

तुझी अट पुरी झाली. आईच्या तेराव्याच्या जेवणानंतर बॅग हातात घेऊन तू दारात म्हणालीस, "तन्वी या घरात आहे तोवर मी इथे पाऊल ठेवणार नाही." मागच्या रविवारी अनुप बायकोला मऊरानीपूरला माहेरी सोडून आला. ती रडली नाही. माझ्या पाया पडली आणि म्हणाली, "पापाजी, आपकी बी.पी. की गोली फ्रिज के ऊपर रखी है।" मी नुसतं हं म्हटलं. थांबवलं नाही, कारण मलाही तिचा राग होता. अजून आहे.

रोज सकाळी मी त्या सगळ्याची उजळणी करतो. इलाइट चौकाच्या वळणावर ई-रिक्षा कलंडली. तुझ्या आईच्या डाव्या बाजूच्या फासळ्या मोडल्या, छातीत रक्त आणि हवा भरली. दवाखान्यात बरगड्यांमधून नळी घातली, नळीचं टोक जमिनीवरच्या पाण्याच्या बाटलीत बुडवलं आणि तिचा श्वास रांगेला लागला. मग तू म्हणालीस, आता घरी न्या. तुझं संशोधनच ते. फासळ्या मोडलेली वयस्क माणसं दवाखान्यात पडून राहिली की छातीत कफ साठतो, न्यूमोनिया होतो. त्यापेक्षा नळी-बाटलीसकट घरी पाठवली, बसवली, चालवली, तर जास्त जगतात. तू पुण्यात हे सिद्ध करत होतीस. आमची काय बिशाद नाही म्हणायची! इथल्या डॉक्टरांनीही सुटी देताना हात झटकले, "आपकी बेटी तो खुद इसी लाइन में हैं, वही सब समझा देंगी।"

तू समजावलंस. दुसऱ्या दिवशी सकाळी फोनवर, तन्वीला. अनुप ललितपूरला बँकेत गेला, मी अपघाताचे कागद घेऊन सिविल लाइंसमधल्या सरकारी कचेरीत बाकावर बसलो. घरात त्या दोघीच. दुपारी तन्वीचा फोन आला, मम्मीजींना धाप लागलीय. मी पोचलो तेव्हा तुझ्या आईचे ओठ निळे पडले होते. रुग्णवाहिका दारात येईपर्यंत सगळं संपलं होतं.

तू आलीस तेव्हा बाटली तशीच होती. स्टुलावर, कोरडी ठणठणीत. पाणी नाही म्हटल्यावर नळीतून हवा थेट छातीत शिरली आणि फुप्फुस मिटलं, हे तू मला नंतर समजावलंस. तन्वीचा दंड धरून तू विचारलंस, पाणी कुठे गेलं? तर ती म्हणाली, "आपने ही तो कहा था, जिज्जी।" त्या एका वाक्यानं ती आमच्या सगळ्यांच्या मनातून उतरली. हातून सांडलं म्हणाली असती तर एक वेळ पोटात घातलं असतं. पण उलट तुझ्यावरच!

घरी आता मी आणि अनुप. वरण मी करतो, तो जेवतो आणि खोलीचं दार लावून घेतो. दवाखान्याने दिलेलं ते श्वासाचं खेळणं, तीन चेंडूंचं, अजून खिडकीत आहे. तुझ्या आईला शेवटी शेवटी दोन चेंडू उचलता यायचे. परवा मी तोंडात धरून ओढून पाहिलं. तिन्ही वर गेले. मला इतकी लाज वाटली की ते परत खिडकीत ठेवून पडदा ओढून घेतला.

अट पुरी झाली आहे, आता येण्याचं बघ.

नाना

*

झाशी
२६ फेब्रुवारी २०२५

चि. इरा,

पत्राला उत्तर म्हणून मोबाइलवर तुझा आवाज आला. काही का असेना, आला. मी तो बागेत बसून ऐकला, कारण घरात अनुप असतो आणि त्याला ऐकवायचा की नाही हे माझं ठरत नव्हतं. ऐकून झाल्यावर पुन्हा लावला. तू इतकी थकलेली वाटतेस. जेवतेस ना?

तू म्हणतेस, "नाना, दुपारी धाप लागल्याचा निरोप मिळाला म्हणून ऑपरेशनच्या मध्येच मी बाहेर येऊन फोन केला. स्वतः विचारलं, बाटली खाली आहे ना? ती म्हणाली, हो, एकदम खाली. म्हणून मी निश्चिंत झाले, म्हटलं धाप वेदनेची असेल. आणि बाटली होती स्टुलावर, छातीच्या उंचीला! तिनं खोटं सांगितलं. तिनं खरं सांगितलं असतं तर आई आज असती."

यावर मी काय बोलणार? तू म्हणतेस तसंच घडलं असणार.

पण इकडे एक नवीनच सुरू झालंय. तू अनुपला तुझा लेख पाठवलास, छापून यायचा आहे तो. त्याने मला वाचून दाखवला. घरी पाठवलेले इतर रुग्ण बरे झाले. तुझी आई त्यात 'त्रेसष्ट वर्षांची स्त्री' आहे. आणि तिच्या पुढे तू लिहिलंयस की मृत्यू 'देखभाल करणाऱ्या नातेवाइकाच्या निष्काळजीपणामुळे' झाला. अनुप तो कागद घेऊन वकिलाकडे गेला होता. वकील म्हणाला, डॉक्टरांचं लिहिलेलं आहे, याहून पक्कं काय हवं. अनुपला आता तन्वीपासून सुटका पाहिजे. लग्नाला वर्षसुद्धा झालेलं नाही.

परवा तन्वीचे वडील आले होते, रमाकांतजी. मी चहा विचारला, ते नको म्हणाले. उभ्यानेच मुलीबद्दल बोलले. "हमाई मोड़ी झूठ नईं बोलत, भाईसाब। गलती कर सकत, झूठ नईं।" जाताना चौकटीला हात लावून थांबले, बहुतेक त्यांना वाटलं मी काही म्हणेन. मी दार लोटून घेतलं. ते गेल्यावर दिवसभर माझी चिडचिड झाली, आणि ती नक्की कुणावर ते मला समजेना.

मला एवढंच कळतं, लेख छापून आला की त्या पोरीच्या कपाळावर तो शब्द कायमचा बसेल. मऊरानीपूर लहान गाव आहे. सासूला मारलेली सून म्हणून ती तिथे म्हातारी होईल. तिने केलंच असेल तर मला दया यायचं कारण नाही. पण आधी मला खात्री करू दे. तोवर लेख थांबव. तुझ्या बापाने आजवर तुझ्याकडे काही मागितल्याचं मला आठवत नाही.

तिच्याविषयी एक आठवण सांगतो, राग मानू नकोस. लग्न होऊन आली तेव्हा सगळे मला नाना म्हणतात हे ऐकून बिचारी गोंधळली. अनुपला हळूच म्हणाली, "नाना तो मम्मी के पापा होते हैं, ये ससुर कैसे हुए?" तुझी आई किती हसली होती! म्हणून ती मला पापाजी म्हणायला लागली. आज भांडी घासताना हे आठवलं.

नाना

*

झाशी
११ मार्च २०२५

चि. इरा,

आज थोडकंच लिहितो.

तुला एक विचारायचं आहे आणि त्याचं मला नेमकं उत्तर हवं आहे. त्या दिवशी सकाळी तू तन्वीला फोनवर बाटलीचं सांगितलंस ते कोणत्या भाषेत? हिंदीत की मराठीत? आणि शब्द काय वापरलेस? तेच शब्द, तसेच्या तसे.

हे का विचारतोय ते आत्ता विचारू नकोस. सकाळी इलाइटपर्यंत गेलो होतो. मानिक चौकात जायचं होतं, अनुपच्या चपला दुरुस्तीला टाकल्या होत्या. गेलोच नाही. मधूनच परतलो, चालत. पाय दुखतात पण चालता येतं अजून.

दुसरं म्हणजे, तुला आठवतं का, पुण्याहून तू पहिल्या सुट्टीत घरी आलीस तेव्हा आईने तुला सांगितलं, "पातेलं नीचे ठेव." तू पोट धरून हसलीस. म्हणालीस, "आई, हे काय मराठी आहे? अर्धी हिंदी बोलता तुम्ही." आम्ही आपले ओशाळलो. खरं तर या घरात माझ्या आजोबांपासून सगळे नीचेच म्हणतात. नीचे बस, जिन्याच्या नीचे, नीचे वाकून बघ. दुसरा शब्द आम्हाला माहीत आहे, कीर्तनात ऐकलाय, पण तोंडात नाही. तोंडात तो दुसऱ्याच अर्थाने आहे. तुझं मराठी मात्र स्वच्छ झालं. मला अभिमान वाटायचा. चारचौघांत म्हणायचो, आमची इरा बोलते ती खरी मराठी.

शब्द लिहून पाठव. आठवत नसेल तर आठव.

नाना

*

झाशी
१९ मार्च २०२५

चि. इरा,

तुझं उत्तर मिळालं. मी ते पाठ केलंय. "मराठीतच बोलले. तुम्हीच म्हणाला होतात ना, तन्वीशी मराठीत बोलत जा, तिच्या कानावर पडू दे. म्हणून मुद्दाम मराठीत बोलले. मी म्हटलं, बाटली कायम खाली ठेवायची. उठताना, बसताना, झोपताना, काही झालं तरी खाली. चारदा सांगितलं. ती पण म्हणाली, समजलं जिज्जी, खाली."

इरा, हे पत्र तू घरी बसून वाच. दवाखान्यात वाचू नकोस. शेजारी कुणीतरी असू दे.

त्या दिवशी इलाइटवर काय झालं ते सांगतो. तुझी आई गेल्यापासून मी ई-रिक्षात किंवा ऑटोत बसलो नव्हतो. त्या सकाळी पाय फार दुखत होते, म्हटलं बसावं. एक ऑटो येऊन थांबला. मी हात केला आणि विचारलं, "खाली है क्या, भैया?" तो म्हणाला, "हाँ बाबूजी, एकदम खाली है। बैठिए।"

मी बसलो नाही. तो दोनदा हॉर्न वाजवून गेला. मागून दुसरा आला, तोही ओरडतोय, खाली है, खाली है. सगळा चौराहा तेच ओरडत होता. मी लोखंडी कठड्याला धरून उभा राहिलो. पानवाल्याला वाटलं मला चक्कर आली, त्याने पाणी आणून दिलं.

जन्म गेला माझा या शहरात हा शब्द बोलण्यात. भांडं खाली कर. खोली खाली आहे. पोट खाली आहे. तुझं ते 'बाटली खाली आहे ना?' मी बागेत दोनदा ऐकलं, आणि दोन्ही वेळा पुण्याच्या माणसासारखं ऐकलं, कारण बोलणारी तू होतीस. ते तन्वीसारखं ऐकायला मला त्या ऑटोवाल्याची गरज पडली.

तू तिला सांगितलंस, बाटली नीचे ठेव. तिने ऐकलं, बाटली रिकामी ठेव. आमच्या घरात तिच्या कानावर जे मराठी पडलं त्यात खाली म्हणजे रिकामंच होतं. तू चारदा सांगितलंस, तर चारदा तिने तेच ऐकलं. बाटलीत पाणी आणि रक्त बघून तिला वाटलं, हीच ती घाण, जी साठू द्यायची नाही. ओतून दिली, फडक्याने पुसली, आणि उंचावर ठेवली, कुणाचा पाय लागू नये म्हणून. दुपारी तू विचारलंस, खाली आहे ना? ती म्हणाली, एकदम खाली. तू म्हणालीस, मग काळजी नको. तिने खोटं सांगितलं नाही गं. तिने तुझी आज्ञा पाळली.

दुसऱ्या दिवशी बस धरून मी मऊरानीपूरला गेलो. अनुपला सांगितलं नाही. तन्वीने दार उघडलं आणि पहिला प्रश्न केला, "पापाजी, गोली लाए हैं साथ में?" मग पदर सावरून पाया पडली. रमाकांतजी घरी नव्हते. तिची आई माझ्याकडे बघायला तयार नव्हती.

मी विचारलं, "बेटा, इरा ने फोन पर क्या कहा था? जैसा कहा था वैसा बताओ।"

"बताया तो था सबको। किसी ने सुना ही नहीं।" ती भिंतीकडे बघून बोलत होती. "जिज्जी ने कहा, बॉटल हमेशा खाली रखना। उठते-बैठते, सोते, कुछ भी हो, खाली। हमने पूछा भी, पूरी खाली? बोलीं, हाँ, पूरी, एकदम।"

"तुम्हें अजीब नहीं लगा?"

"लगा था। रात को जब मम्मीजी आईं तब उसमें पानी था, अस्पताल वालों ने ही भरा था। पर जिज्जी डॉक्टर हैं, पापाजी। हम बी.ए. पास हैं। हम क्या जानें फेफड़े की बात?"

मी तिला सांगितलं. पुण्याच्या मराठीत त्या शब्दाचा काय अर्थ होतो ते सांगितलं.  मग तिने विचारलं, "तो... नीचे? बस नीचे रखनी थी?" आणि त्यानंतर ती जी रडली, ती मला अजून ऐकू येते. त्या दिवसापर्यंत तिला वाटत होतं की तुझं सांगणं बरोबर होतं आणि आई दुसऱ्याच कशाने गेली. आपल्या हाताने गेली हे तिला मी जाऊन सांगितलं. तिची निर्दोष सुटका करायला गेलो होतो, आणि हे दिलं.

आता तुझ्याशी बोलतो. आठ दिवस मी हे पत्र लिहिलं नाही, कारण लिहिलं तर तुला काय होईल ते मला माहीत होतं. एका पारड्यात तू, एका पारड्यात ती. तू माझ्या पोटची. गप्प बसलो असतो तर तू राग धरून तरी जगली असतीस, राग माणसाला उभं ठेवतो. पण मग ती पोर आयुष्यभर खोटारडी ठरली असती, आणि मला रोज तिने ठेवलेली गोळी गिळायची आहे. नाही जमलं मला.

तुझा दोष नाही. तिचा नाही. तिच्याशी मराठीत बोल, हे मी सांगितलं होतं, तर मग माझा आहे का? असं वाटत जाऊन मी वेडा होईन. तूही त्या वाटेला जाऊ नकोस.

लेख मात्र बदल. 'निष्काळजीपणा' काढ, आणि 'संवादातील त्रुटी' वगैरे गुळगुळीत काही घालू नकोस. तो शब्द लिही. दोन अक्षरं. आपल्या मुलुखातल्या कुठल्याही मराठी डॉक्टरने हिंदी घरात तो उच्चारण्याआधी जीभ चावावी, असं लिही.

तन्वीने आणखी एक गोष्ट सांगितली. ती मी तुला लिहिणार नाही. तिनेही हात जोडून सांगितलंय, जिज्जीला कळू देऊ नका.

नाना

*

झाशी
१३ एप्रिल २०२५

चि. इरा,

तीन आठवडे तुझ्याकडून काही नाही. शेवटी तुझ्या दवाखान्यात फोन केला. ते म्हणाले, मॅडम सुट्टीवर आहेत. घाबरलो. मग परवा तुझा आवाज आला.

तू लेख मागे घेतलास, नव्याने लिहिलास, तो शब्द देवनागरीत घातलास, इंग्रजी लेखाच्या मधोमध. बरं केलंस. पुढच्या रुग्णांसाठी बाटलीची गोष्ट आता बोलून न सांगता जमिनीवर ठेवून दाखवायची, असं ठरवलंस. तेही बरं केलंस. तन्वीला फोन केलास हे तिच्याकडूनच कळलं. म्हणाली, "जिज्जी कुछ बोलीं ही नहीं। हम भी नहीं बोले। बहुत देर तक फोन चालू रहा।" मग म्हणाली, "उनकी साँस सुनाई दे रही थी।"

इथलं सांगतो. अनुप तिला आणायला गेला होता. पाया पडायचा तेवढा बाकी राहिला. तिने दारातच विचारलं, "आपको तो दोनों भाषा आती हैं। आपने एक बार भी क्यों नहीं सोचा?" तो प्रश्न माझ्यासाठीही होता. ती येणार नाही म्हणते. तिला नर्सिंगचा अभ्यास करायचाय. रमाकांतजींनी ग्वाल्हेरला चौकशी केलीय. अनुपने ललितपूरला खोली घेतली आणि सामान नेलं. म्हणाला, नाना, मला त्या स्टुलाकडे बघवत नाही. मी म्हटलं, स्टूल देऊन टाकू. तो म्हणाला, स्टुलाचं नाही हो.

आता तुझा प्रश्न. तो टाळून काही उपयोग नाही, कारण तू तो रडत विचारलायस. "नाना, तन्वीला नाही कळलं, ठीक आहे. पण आई? आई तर मराठी होती. माझा फोन स्पीकरवर होता, आई पलंगावर ऐकत होती. तिला तर खाली म्हणजे काय ते कळलं असेल ना? तिच्या डोळ्यासमोर बाटली ओतली, तेव्हा ती काहीच का नाही म्हणाली?"

हीच ती गोष्ट, जी मी लिहिणार नव्हतो. दोन दिवस तुझा आवाज लावून बसलो. खोटं लिहावं असं फार वाटलं. लिहिणार होतो, तिला तेव्हा डोळा लागला होता. पण या घरात एकीने दुसरीचं ओझं वाहिलं ते पुरे झालं. आणि मी खोटं लिहिलं तर तू ते ओळखशील, लहानपणापासून ओळखत आलीस.

ती जागी होती. उशीला टेकून बसली होती आणि चेंडू उचलत होती. तन्वी बाटली घेऊन मोरीकडे निघाली, पण पाय अडला तिचा. परत येऊन तिने तुझ्या आईला विचारलं, "मम्मीजी, सच में खाली कर दें? इसमें तो अस्पताल वालों ने पानी भरा था।"

तुझी आई या घरात नीचे म्हणणारी, इरा. तुझ्या हसण्यानंतरही तिने ते बदललं नाही. तिनेही तुझं वाक्य तेच ऐकलं, जे तन्वीने ऐकलं. तिने तोंडातली नळी काढली आणि म्हणाली, "इराने सांगितलंय ना? मग कर. माझी इरा चुकायची नाही."

एवढंच. हे तन्वीने मला तसंच्या तसं मराठीत म्हणून दाखवलं, तिच्या आवाजात. म्हणाली, "इतना मराठी हमें समझ में आ गया था।"

धाप लागल्यावरही तिने तन्वीला दवाखान्यात चल म्हटलं नाही. तू फोनवर काळजी नको म्हणालीस, तेव्हा ती हसली होती म्हणे. हे मला लिहायचं नव्हतं. पण तू विचारलंस. भीत भीत गेली असती तर ते मी कसं सोसलं असतं कुणास ठाऊक. ती भीत गेली नाही. तुझ्या भरवशावर गेली. हे तुला जन्मभर टोचेल हे मला कळतं, आणि मला दुसरं काही देता येत नाही.

चेंडूंचं खेळणं मी खिडकीतून काढून कपाटात ठेवलंय. तुला हवं असेल तर घेऊन जा.

तुझी अट आता उरली नाही, तन्वी नाही, अनुप नाही. तुझी खोली झाडून ठेवलीय. चादर नवी आहे. स्टेशनवर मी येईन, तू ऑटो करू नकोस.

घर खाली आहे, इरा. आपल्या झाशीच्या मराठीत वाच, आणि ये.

नाना